बॅगेतली प्रथिनं : दोन मेसच्या मधल्या वेळेसाठी

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या पट्ट्यात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी हजारो मुलंमुली राहतात. कॉट बेसिसवर जागा, दोन वेळची मेस, सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यासिका आणि मधे चहा. त्या चहाबरोबर जे पोटात जातं ते बहुतेक मैदा, साखर आणि तेल असतं: खारी, क्रीमरोल, बिस्किटाचा पुडा, संध्याकाळी वडापाव. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण तासाभरात पुन्हा भूक लागते. कल्याण-विरारहून लोकलने कॉलेज गाठणाऱ्यांची गत वेगळी नाही. सकाळचा डबा बाराच्या आतच संपतो आणि घरी पोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजतात.

यावर उपाय म्हणून आजकाल प्रोटीन बार आणि पावडरचे डबे सुचवले जातात. माझं म्हणणं सरळ आहे: बहुतेक विद्यार्थ्यांना त्यांची गरज नाही. लागणाऱ्या सगळ्या वस्तू कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात. अडतं ते एवढ्यावरच, की अकरा वाजता भूक लागते तेव्हा त्या बॅगेत नसतात. त्या बॅगेत कशा आणायच्या आणि आठवडाभर कशा टिकवायच्या, ते इथे क्रमाने सांगते.

आधी हिशेब: कमी किती पडतं?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली जी मापं ठरवली, त्यांनुसार निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. वजन ६० किलो असेल तर सुमारे ५० ग्रॅम, ५० किलो असेल तर सुमारे ४२. रोज व्यायामशाळेत वजनं उचलणाऱ्यांना किंवा पोलीस भरतीची मैदानी तयारी करणाऱ्यांना जास्त लागतात, दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत.

आता मेसचं ताट बघा. मध्यम पोळीत सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे चार पोळ्यांचे १२. वाटीभर पातळ वरणाचे ४, भाताचे ३, भाजीचे २. एका जेवणात २० ग्रॅमच्या आसपास, दोन जेवणांत ४०. सकाळच्या पोह्यांचे ४ धरले तर ४४. साठ किलोच्या मुलाला ५-६ ग्रॅम कमी पडतात. ज्या मुली दोनच पोळ्या खातात किंवा नाश्ता टाळतात, त्यांना १५ ग्रॅमपर्यंत कमी पडतात. रविवारी रात्री मेस बंद असते आणि जेवण मॅगीवर भागतं, त्या दिवशी तर याहून जास्त.

शिवाय या हिशेबातला मोठा वाटा गहू-तांदळाचा आहे आणि धान्याच्या प्रथिनात लायसिन नावाचं अमिनो आम्ल (प्रथिनं ज्यांपासून बनतात त्यांतला एक घटक) कमी असतं. ते कडधान्यांत आणि दुधात भरपूर असतं. म्हणून मधल्या वेळचं खाणं पुन्हा धान्याचंच, म्हणजे मुरमुरे, खारी, पाव असं नसावं. ते हरभरा, मूग, शेंगदाणे, दूध-दही किंवा अंडी यांचं असावं.

थोडक्यात, तूट ५ ते १५ ग्रॅमची आहे. ती दोन छोट्या खाण्यांत भरून निघते. हे आकडे एकदा डोक्यात बसले की जाहिरातीतला '२५ ग्रॅम प्रोटीन' हा शब्द तितकासा भुलवत नाही.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. शेंगदाण्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी खाली जिथे शेंगदाणे आहेत तिथे फुटाणे किंवा डाळं घ्यावं. आणि रूममेटला अशी अ‍ॅलर्जी असेल तर डबा वेगळा ठेवा.

बॅगेची परीक्षा

एखादा पदार्थ पौष्टिक आहे म्हणून तो बॅगेत चालेलच असं नाही. मी चार गोष्टी बघते.

पहिली, उष्णता. शिजवलेल्या ओल्या अन्नात ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू भराभर वाढतात. असं अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये, एप्रिल-मेच्या उन्हात तासभरच. कोरड्या पदार्थांना ही अडचण नाही. त्यामुळे आपले दोन डबे होतात: आठवडाभर चालणारा कोरडा आणि सकाळी भरून अकराच्या आत संपवायचा ओला. हा फरक पाळला की पोट बिघडण्याचे निम्मे प्रसंग टळतात.

दुसरी, आवाज आणि वास. अभ्यासिकेत पंख्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नाही. तिथे फुटाण्यांचा कुडुमकुडुम किंवा लसणाची चटणी शेजारच्याला खरोखर त्रास देते. फुटाणे जिन्यात किंवा अभ्यासिकेबाहेर खावेत, जागेवर लाडू चालतो.

तिसरी, हात. नोट्सवर तेलाचं बोट उमटलं की ते पान गेलं.

चौथी लोकलवाल्यांसाठी. एका हाताने दांडी धरलेली असताना दुसऱ्या हाताने खाता आलं पाहिजे आणि समोरच्याच्या अंगावर भुगा सांडता कामा नये.

पहिली पायरी: पंधरा दिवसांची खरेदी

एकदम खूप आणू नका. कॉट बेसिसच्या खोलीत जागा नसते आणि पावसाळ्यात सगळं सर्दावतं. पंधरा दिवसांपुरतं एका माणसाला पाऊण किलो शेंगदाणे, अर्धा किलो फुटाणे, अर्धा किलो डाळं, १०० ग्रॅम तीळ, पाव किलो मऊ गूळ, पाव किलो हिरवे मूग आणि पाव किलो मटकी पुरे. सोया चंक्सचं एक पाकीट ऐच्छिक. त्याबरोबर घट्ट झाकणाचे दोन स्टीलचे डबे, लहान फिरकीच्या झाकणाच्या दोन बाटल्या आणि शक्य असेल तर रुंद तोंडाचा थर्मास.

१०० ग्रॅममध्ये प्रथिनं साधारण किती ते एकदा बघून ठेवा. शेंगदाण्यांत २४-२५ ग्रॅम, फुटाण्यांत आणि डाळ्यात २० ते २२, मुगात २३-२४, तिळात १८, पनीरमध्ये १८, कोरड्या सोया चंक्समध्ये तब्बल ५२. एका अंड्यात ६. २०० मिलि दुधात साडेसहा. शेंगदाण्यांत निम्म्याच्या आसपास तेल असतं, म्हणून मूठभर पुरतात. फुटाण्यांत तेल फार कमी असतं, ते थोडे जास्त झाले तरी बिघडत नाही.

वजनकाटा लागत नाही. दुकानदाराकडून १०० ग्रॅम फुटाणे घ्या, घरी ताटात पसरून तीन सारखे ढीग करा. एक ढीग म्हणजे साधारण ३० ग्रॅम, सुमारे ६-७ ग्रॅम प्रथिनं. तो आपल्या मुठीत किती मावतो ते एकदा पाहिलं की पुढे कायम अंदाज येतो.

दुसरी पायरी: रविवारची संध्याकाळ

मेस बंद असल्याने त्या दिवशी काहीतरी शिजवावं लागतंच. तोच तास आठवड्याच्या कोरड्या डब्यासाठी वापरा. घरी राहणाऱ्यांनी तर हे काम आईवर टाकू नये, भाजणं हे शिकायलाच हवं असं काम आहे.

शेंगदाणे भाजण्याआधी निवडा. सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशी आलेले दाणे फेकून द्या, त्यात काटकसर नको. शेंगदाण्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक असतं आणि भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही. खाताना एखादा दाणा कडू लागला तर तोही थुंकून टाकावा.

जाड बुडाची कढई, मंद आच आणि पाव किलो दाण्यांना १५ मिनिटांच्या आसपास वेळ. आच मोठी केली की साल करपतं आणि आतला दाणा कच्चाच राहतो. सतत हलवत राहा. आधी नुसता खरखर आवाज येतो, मग मधूनच तडतड सुरू होते आणि सालीवर गडद ठिपके दिसायला लागतात. तेव्हा एक दाणा काढून दोन बोटांत चिमटा. साल सहज सुटलं आणि आतला रंग फिकट बदामी झाला असेल तर लगेच गॅस बंद करून दाणे ताटात ओता, कारण तापलेल्या कढईत ते आणखी भाजत राहतात. गरम दाणा चावून बघितला तर मऊ लागतो. तो कच्चा आहे असं समजून पुन्हा भाजायला जाऊ नका, निवला की कुरकुरीत होतो.

यानंतरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे थांबणं. दाणे पूर्ण गार व्हायला तास लागतो. कोमट असताना डबा बंद केला तर वाफ झाकणाला आतून धरते, ते पाणी खाली ठिबकतं आणि बुधवारपर्यंत दाणे मऊ पडतात. ताटावर कागद टाका, आंघोळ करा, कपडे धुवा, मग भरा.

गॅस वापरायची परवानगी नसेल तर खारे शेंगदाणे आणि फुटाणे तयार आणा. भट्टीवर ताजे भाजलेले मिळत असतील तर उत्तमच. खाऱ्या दाण्यांत मीठ बरंच असतं, म्हणून त्यात निम्मे साधे फुटाणे मिसळा.

कोरडा डबा, पहिला प्रकार: पुड्या

२०० ग्रॅम फुटाणे आणि २०० ग्रॅम भाजके शेंगदाणे एकत्र करा. वर पाव चमचा काळं मीठ, थोडी जिरेपूड. एवढ्यात १३ पुड्या होतात, प्रत्येकी ३० ग्रॅमच्या, प्रत्येकीत सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं. भोपळ्याच्या बिया परवडत असतील तर घाला, नाही घातल्या तरी काही अडत नाही. बेदाणे हवे असतील तर वेगळ्या पुडीत ठेवा, त्यांच्या ओलाव्याने फुटाणे वातड होतात.

मोठा डबा बॅगेत नेऊ नका. वाचता वाचता हात डब्यात जात राहतो आणि २०० ग्रॅम कधी संपले ते कळत नाही. रविवारीच पुड्या बांधून ठेवाव्यात आणि रोज सकाळी एक-दोन उचलाव्यात. फुटाण्यांनी गॅस होतो अशी तक्रार असेल तर पहिला आठवडा अर्धीच पुडी खा, नीट चावा आणि वर पाणी प्या.

फुटाण्यांबरोबर पेरू किंवा आवळ्याची फोड खाल्ली तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे हरभऱ्यातलं लोह अंगी लागतं. चहा मात्र लगेच घेऊ नका, चहामुळे लोह कमी शोषलं जातं. तासाभराचं अंतर ठेवा. ज्या मुलींचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी हे आवर्जून पाळावं.

दुसरा प्रकार: शेंगदाणा-डाळ्याचे लाडू

सगळ्यांत मला प्रिय हेच. आवाज नाही, वास नाही, हात फारसे माखत नाहीत आणि पाक करायचा नसल्याने फसण्याची भीती नाही.

२०० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, १०० ग्रॅम डाळं, ५० ग्रॅम तीळ, १५० ग्रॅम चिरलेला मऊ गूळ, दोन चमचे तूप, वेलची. शेंगदाणे चोळून, पाखडून सालं काढा. तीळ मंद आचेवर फुलेपर्यंत भाजा, दोन-तीन मिनिटांत उडायला लागतात. डाळं आधीच भाजलेलं असतं, ते नुसतं कढईत गरम करून घ्या म्हणजे सर्दावलेलं असेल तर कोरडं होतं.

डाळं आणि तीळ मिक्सरमध्ये बारीक करा. शेंगदाणे वेगळे आणि भरड, मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. मग सगळं गुळासकट पुन्हा एकदा थोडं फिरवा. या शेवटच्या फिरवण्यात दाण्यांचं तेल सुटतं, गूळ सगळीकडे लागतो आणि मुठीत दाबलं की गोळा बसतो. गरम तूप घालून लगेच वळा. गोळा फुटत असेल तर गूळ वाढवू नका, चमचाभर तूप घाला किंवा मिश्रण आणखी एकदा फिरवा. चिक्कीचा गूळ इथे घेऊ नये, लाडू दगड होतात.

यात २५ ग्रॅमचे २० लाडू होतात. एकात सुमारे ४ ग्रॅम प्रथिनं आणि १२० कॅलरी. बऱ्याच घरी दाण्याच्या लाडवात दाण्याइतकाच गूळ घालतात. तो लाडू सणाला ठीक आहे, पण रोजच्या बॅगेसाठी गोड जास्त होतो. दूध किंवा पाण्याचा हात लावला नसेल तर हे लाडू फ्रिजशिवाय दोन आठवडे छान राहतात. दिवसाला दोन पुरेत. खवट वास आला तर मोह न करता टाकून द्यावेत.

तिसरा प्रकार: चटणी-पोळीची गुंडाळी

सोलापूरकडची शेंगदाण्याची चटणी, विदर्भातली जवसाची, खानदेशातली तिळाची, देशावरची कारळ्याची. आपल्याकडे तेलबियांच्या कोरड्या चटण्या इतक्या आहेत की महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाच्या बॅगेत त्यांतली एक असायलाच हवी. पाव किलो भाजके दाणे, दोन चमचे तिखट, चमचाभर जिरं आणि मीठ खलबत्त्यात कुटा. खलबत्ता नसेल तर मिक्सर, पण तोही थांबवत. लसूण घालायचा तर आधी कढईत कोरडा परतून घ्या, कच्च्या लसणाच्या ओलाव्याने चटणी लवकर खराब होते. अभ्यासिकेसाठी बिनलसणाचीच करा.

मेसच्या काकूंना सांगून सकाळी दोन पोळ्या जास्तीच्या घ्या. पोळीला थोडं तूप, त्यावर दोन सपाट चमचे चटणी, घट्ट गुंडाळी करून कापडात. दोन गुंडाळ्यांत ११-१२ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि दुपारपर्यंत काही होत नाही. गावाहून येताना आईने दशम्या दिल्या असतील तर त्या आणखी चांगल्या, दुधात भिजवलेली कणीक प्रवासात मऊ राहते.

चौथा प्रकार: बाटलीतलं पीठ

डाळं मिक्सरमध्ये अगदी बारीक करून चाळून घ्या. बिहारी मित्रांकडचं सत्तू मिळालं तर तेही छान, तो भाजलेल्या हरभऱ्याचाच प्रकार. लहान बाटलीत तीन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅम, कोरडं पीठ, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड घालून ठेवा. प्यायच्या वेळी पाण्याच्या मोठ्या बाटलीत आधी पाणी आणि मग पीठ घाला. उलट केलं की तळाशी गोळे बसतात. झाकण लावून जोरात हलवा, लिंबू पिळा. साडेसहा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि उन्हाळ्यात हे फार सुखाचं वाटतं. पाण्याऐवजी पाकिटातलं ताक घेतलं तर आणखी थोडी भर. कालवल्यावर मात्र लगेच प्या, तासन्‌तास नेऊ नका.

तिसरी पायरी: ओला डबा, ज्यांच्याकडे निदान किटली आहे त्यांच्यासाठी

पुष्कळ होस्टेलांत इंडक्शनवर बंदी असते, पण पाणी तापवायची विजेची किटली चालते. तेवढ्यावर दोन गोष्टी नीट होतात.

मोड आलेली मटकी किंवा मूग. रात्री भिजत घालायचे, सकाळी पाणी काढून ओल्या कापडात बांधायचे, दुसऱ्या दिवशी मोड येतात. कच्चे मोड तसेच खाऊ नका. ज्या ओल्या उबेत मोड येतात तिथेच जिवाणूही वाढतात. थर्मास आधी गरम पाण्याने विसळा, त्यात मूठभर मोड टाका आणि खळखळ उकळतं पाणी वरपर्यंत ओता. झाकण लावून १५ मिनिटांनी पाणी ओतून द्या. दाणा शिजतो पण अख्खा राहतो. वर लिंबू, मीठ, चिरलेला कांदा, भाजके दाणे. ५० ग्रॅम कोरड्या मटकीपासून ११ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. हे सकाळच्या नाश्त्याला खोलीवर खा किंवा पहिल्या सुट्टीत संपवा.

हीच युक्ती राजम्यावर करू नका. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्येच शिजवावा. सोयाबीनचे दाणेही नीट शिजवल्याखेरीज खाऊ नयेत.

दुसरी गोष्ट अंडी. किटलीत अंडी ठेवून ती बुडतील एवढं पाणी घाला, उकळी येऊन किटली बंद झाली की झाकण न उघडता १५ मिनिटं तशीच ठेवा. मग गार पाण्यात टाका. साल खायच्या वेळीच काढा. सकाळी साडेआठला उकडलेलं अंडं साडेदहाच्या चहाला संपलं पाहिजे, संध्याकाळपर्यंत बॅगेत ठेवू नका. फ्रिज असेल तर सालासकट आठवडाभर राहतं. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, तुमची तूट तिथेच भरली. नंतर किटली नीट धुवा. तिच्यात इतरांचा चहाही होतो, आणि शाकाहारी रूममेट असेल तर आधी विचारणं योग्य.

गॅस असेल तर मुगाची धिरडी. ५० ग्रॅम हिरवे मूग रात्री भिजवा, सकाळी आलं-मिरची घालून वाटा. पीठ इडलीच्या पिठापेक्षा थोडं पातळ ठेवा, तवा चांगला तापल्यावर पाण्याचा शिपका मारून मगच पसरा. तीन धिरडी होतात, १२ ग्रॅम प्रथिनं. आत ३० ग्रॅम पनीर कुस्करलं की आणखी ५. धिरडी गार झाल्यावरच डब्यात ठेवा आणि अकराच्या सुट्टीत संपवा.

सोया चंक्सबद्दल मुलांची मतं टोकाची असतात. मला वाटतं, त्यांचा वास न गेल्यामुळेच ते बदनाम झाले. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, गाळा, गार पाण्यात टाकून दोन्ही तळहातांत घट्ट पिळा, पुन्हा पाण्यात टाकून पुन्हा पिळा. दुसऱ्या पिळण्यात फेसाळ पाणी निघतं, वास त्यातच असतो. मग दोन चमचे दह्यात तिखट, हळद, धणेपूड, कसुरी मेथी कालवून अर्धा तास मुरवा आणि तव्यावर कडा लालसर होईपर्यंत परता. ३० ग्रॅम कोरड्या चंक्समध्ये १५ ग्रॅम प्रथिनं असतात. इतक्या कमी पैशांत इतकी प्रथिनं किराणा दुकानात दुसऱ्या कशातून मिळत नाहीत. पोळीत गुंडाळून न्या. हाही ओला डबाच, म्हणजे सकाळीच संपवायचा.

काहीच करायला जमलं नाही त्या दिवशी डेअरीतून दह्याचा कप, २०० मिलि दुधाचं पाकीट किंवा ५० ग्रॅम पनीर घेऊन तिथेच खाऊन पुढे जा. श्रावणात आणि थंडीत उकडलेल्या शेंगा मिळतात, तोही झकास पर्याय, पण त्या त्याच दिवशी संपवाव्यात.

विकतचं घ्यायचं तर पाकीट वाचा

पाकिटाच्या पुढच्या बाजूकडे लक्षच देऊ नका, मागचा तक्ता बघा. दोन आकडे पुरतात: १०० ग्रॅममध्ये प्रथिनं किती आणि कॅलरी किती. कॅलरीला प्रथिनांनी भागा. फुटाण्यांचं उत्तर १८ च्या आसपास येतं, शेंगदाण्यांचं २३-२४, दाण्याच्या चिक्कीचं बहुतेक ३५ च्या पुढे. ज्या बारचं उत्तर ३० च्या वर जातं तो गोळी-बिस्किटांच्याच जातीचा समजा. घटकांच्या यादीत पहिल्या तिनांत साखर किंवा ग्लुकोज सिरप असेल तर परत ठेवा.

राजगिऱ्याची वडी, चुरमुऱ्याचा लाडू, मखाने हे हलकं खाणं म्हणून चांगलं, पण प्रथिनांसाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. पीनट बटर घ्यायचं तर ज्यात फक्त शेंगदाणे आणि मीठ आहे तेच. व्हे पावडर, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची भुकटी, वाईट नाही. एका मापात २० ते २५ ग्रॅम मिळतात आणि मैदानी तयारी करणाऱ्याला ती सोयीची पडते. पण दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या मुलाने महिन्याच्या मेसएवढे पैसे त्यात घालावेत असं मला मुळीच वाटत नाही.

उपास

संकष्टी, एकादशी, नवरात्र पाळणारी मुलं खूप आहेत आणि त्या दिवशी सगळ्यांत जास्त कमी पडतं. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. खिचडीत जी असतात ती दाण्याच्या कुटाची. म्हणून कूट सढळ हाताने घाला किंवा साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी करा. बॅगेत नुसते दाणे-गुळाचे लाडू, बरोबर दही किंवा दूध. लाडवातलं डाळं त्या दिवशी चालत नाही आणि तीळ बऱ्याच घरी चालत नाहीत, म्हणून नवरात्राआधी वेगळा घाणा करून ठेवावा.

आठवडा कसा बसवायचा

रविवारी भाजणं, पुड्या आणि चटणी. लाडू पंधरा दिवसांतून एकदा. रोज सकाळी बॅगेत एक-दोन पुड्या, एक-दोन लाडू आणि पिठाची बाटली हे कायम असावं. मंगळवार-गुरुवार मोडाची मटकी, बुधवार-शनिवार अंडी किंवा सोया, जसं जमेल तसं. ओला डबा एखाद्या दिवशी राहिला तरी कोरड्यावर भागतं, म्हणून कोरडा कधी रिकामा होऊ देऊ नका. पावसाळ्यात पुड्या पाचच दिवसांच्या बांधा.

परीक्षेच्या दिवशी

राज्यसेवा पूर्वपरीक्षेचे दोन्ही पेपर एकाच दिवशी असतात. बॅग वर्गाबाहेर ठेवावी लागते आणि ती पटांगणात उन्हात तापत पडते. त्यामुळे त्या दिवशी ओला डबा अजिबात नको: अंडी नाहीत, पनीर नाही, दही नाही. सकाळी निघण्याआधी मेसची पोळी-भाजी किंवा धिरडी खाऊन जा. मधल्या वेळेसाठी एक चटणी-पोळी, दोन लाडू, एक केळं आणि पाणी पुरे. लाडू पेपर सुटल्या सुटल्या खा, फुटाणे थोडेच, पोट जड होऊ देऊ नका. आणि आदल्या महिन्याभरात जे खाल्लंय तेच त्या दिवशी न्या, परीक्षा केंद्राबाहेरच्या गाडीवर नवीन काही चाखून बघू नका.